लाइट गेली तरी चालेल अशी स्क्रिप्ट

आपल्याकडे पावसाळा म्हटलं की दोन गोष्टी ठरलेल्या. वेल्ह्याकडची निम्मी पोरं भात लावणीला घरी पळतात आणि रात्री-अपरात्री लाइट जाते. जुलै २०२४ मध्ये या दोन्ही गोष्टी एकाच आठवड्यात माझ्या वाट्याला आल्या. शेल स्क्रिप्ट म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. प्रॅक्टिकलमध्ये नुसतंच जर्नल पूर्ण केलं होतं!

डेटाबेस सर्व्हर उभा करण्याचं आणि पुढे तो अपग्रेड करण्याचं काम स्क्रिप्टकडे कसं सोपवायचं, ते या लेखात सांगणार आहे. कॉम्प्युटरच्या मुलांनी वाचावंच, पण मेकॅनिकल आणि सिव्हिलवाल्यांनीही पान उलटू नये. तुमच्या मेसचा हिशोब याच सर्व्हरवर आहे, हे लक्षात ठेवा. एक सूचना : आज्ञांची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत, टाइप करताना अर्थातच इंग्रजीत करायची.

सोळा आज्ञांचा कागद

होस्टेलच्या ऑफिसात एक जुना डेस्कटॉप आहे. त्यावर लिनक्स आणि पोस्टग्रेस हा डेटाबेस. सीनियर्सनी कधीतरी त्यावर मेसचा प्रोग्रॅम लिहून ठेवला : कोण जेवायला आहे, कोणाचा मेस कट आहे, कोणाचं डिपॉझिट किती. सीनियर पास होऊन गेले, प्रोग्रॅम राहिला. सोबत कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला एक कागद राहिला. त्यावर सर्व्हर नव्याने उभा करायच्या सोळा आज्ञा ओळीने लिहिलेल्या होत्या. मी नुकताच सेकंड इयरला गेलो होतो आणि 'तुला लिनक्स येतं ना?' या एका प्रश्नावर त्या मशीनचा मालक झालो होतो.

एके दिवशी तक्रार आली की पत्त्यात 'वेल्हे बुद्रुक' टाकलं की प्रोग्रॅम 'मजकूर फार मोठा आहे' म्हणतो. रकाना तीस अक्षरांचा. 'वेल्हे बुद्रुक' मध्ये काना, मात्रा, हलन्त आणि मधली मोकळी जागा सगळं सुटं मोजलं तरी चौदाच होतात. मग अडतंय कुठे?

अडत होतं ते सर्व्हरच्या जन्मवेळेत. पोस्टग्रेसचा सर्व्हर पहिल्यांदा उभा करताना इनिटडीबी ही आज्ञा चालते. त्या वेळी मशीनची भाषा जशी लावलेली असेल, तसं ती डेटाबेसचं एन्कोडिंग ठरवते. भाषा नुसती 'सी' असेल तर एन्कोडिंग 'एसक्यूएल-आस्की' होतं. अशा डेटाबेसला अक्षर कळत नाही, फक्त बाइट कळतो. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. म्हणजे तेरा चिन्हांचे एकोणचाळीस आणि मोकळ्या जागेचा एक, असे चाळीस बाइट. तीसच्या रकान्यात चाळीस कसे मावणार? 'भोर' नऊ बाइटचं, म्हणून भोरच्या मुलांना कधी त्रास झाला नाही. वेल्हे बुद्रुकवाल्यांना झाला.

खरं तर टेम्प्लेट-झिरोवरून यूटीएफ-८ चा एक नवा डेटाबेस काढला असता तरी भागलं असतं. पण मला तेव्हा एवढं कुठलं माहीत? कागदावर अख्खा सर्व्हर नव्याने उभा करायची पद्धत होती, मी तीच धरली. गुरुवारी रात्री जेवणं झाल्यावर बसलो.

कागदाचा क्रम असा होता. आधी पीजी-डंपने डेटाचा बॅकअप घ्यायचा आणि जीझिपने दाबून ठेवायचा. सर्व्हर बंद करायचा. डेटाच्या फोल्डरचं नाव बदलून 'जुना' करायचं. इनिटडीबीने नवा फोल्डर तयार करायचा. सर्व्हर चालू करून युजर बनवायचा, डेटाबेस बनवायचा, बॅकअप त्यात भरायचा. शेवटी 'जुना' पुसून टाकायचा.

नवव्या आज्ञेला लाइट गेली. सर्व्हर उभा राहिला होता, मेसचा डेटाबेस अजून व्हायचा होता. तासाभराने लाइट आली. कुठपर्यंत आलो होतो ते नक्की आठवेना, म्हणून 'पहिल्यापासून करू' असा शहाणा विचार केला.

इथेच घात झाला. पहिली आज्ञा बॅकअपची. पण आता चालू होता तो नवा, रिकामा सर्व्हर. त्यात मेसचा डेटाबेसच नव्हता, त्यामुळे पीजी-डंप चुकीचा संदेश देऊन थांबलं. जीझिपचं मात्र काही बिघडलं नाही. त्याने 'काहीच नाही' हेच नीट दाबून त्याच नावाच्या फाइलमध्ये लिहिलं. तासाभरापूर्वीचा चांगला बॅकअप गेला आणि त्या जागी वीस बाइटची फाइल आली. रिकामी जीझिप फाइल वीस बाइटची असते, हा आकडा मी जन्मात विसरणार नाही.

पुढे सगळं सुरळीत! 'जुना' फोल्डर आधीपासून होता, म्हणून एमव्हीने कुरकुर न करता नवा फोल्डर त्याच्या पोटात सरकवला. रिकामी फाइल डेटाबेसमध्ये भरली, तरी तक्रार नाही, कारण भरायलाच काही नव्हतं. सोळावी आज्ञा : 'जुना' पुसा. पुसला. खरा डेटा त्यातच होता.

रात्री दीड वाजता मी पांढऱ्या स्क्रीनकडे बघत बसलो होतो.

रविवारचा बॅकअप एका पेनड्राइव्हवर होता म्हणून वाचलो. सोमवार ते गुरुवार अशा चार दिवसांच्या नोंदी गेल्या. मेसवाल्या काकांच्या वहीत रोजच्या ताटांचा आकडा होता, पण नावं नव्हती. जमेल तितकं विचारून विचारून मी परत भरलं. फर्स्ट इयरचा एक मुलगा लावणीला घरी गेला होता, त्याच्या नऊ दिवसांच्या मेस कटचा अर्ज त्याच सोमवारी चढवलेला होता. तो समोर नव्हता, कोणी त्याचं नाव घेतलं नाही, नोंद राहून गेली. महिन्याअखेरीस त्याला पूर्ण बिल आलं. त्याने भरलं. एक शब्द बोलला नाही. कॉम्प्युटरने सांगितलं म्हणजे बरोबरच असणार असं त्याला वाटलं. दिवाळीच्या हिशोबात त्याचा मूळ अर्ज फाइलमध्ये सापडला तेव्हा कुठे पैसे परत केले.

चूक लाइटची नव्हती. कागद लिहिणाऱ्या सीनियरचीही नव्हती. त्याचा क्रम एकदा सरळ चालवला तर बरोबरच होता. तो क्रम अर्ध्यावर तुटला तर काय, एवढंच त्यात लिहिलेलं नव्हतं.

आधी विचारा, मग करा

सोळा ओळी जशाच्या तशा फाइलमध्ये टाकल्या की स्क्रिप्ट झाली, असं आपल्याला वाटतं. ती स्क्रिप्ट नव्हे, तो घाईने चालणारा कागद. लाइट गेली तर तोच घोळ, फक्त जास्त वेगात.

चांगली स्क्रिप्ट कितीही वेळा चालवली तरी शेवट एकच होतो. खोलीतल्या पंख्याचं बटण बघा. चालू असताना पुन्हा 'चालू' कडे दाबलं तर पंखा दुप्पट फिरत नाही. बेलचं तसं नाही. जितक्या वेळा दाबाल तितक्या वेळा वाजणार. आपल्याला प्रत्येक पायरी बटणासारखी हवी, बेलसारखी नको. त्यासाठी पायरीने कामाला हात लावण्याआधी विचारायचं : 'हे आधीच झालंय का?' झालं असेल तर पुढे जा. अर्धवट असेल तर ते ओळखून साफ कर.

याच तत्त्वावर मी उभारणीची स्क्रिप्ट नव्याने लिहिली. तिच्या पायऱ्या अशा :

१. कुलूप. दोघांनी एकाच वेळी स्क्रिप्ट चालवू नये म्हणून एफलॉक वापरायचं. काही जण कुलूप म्हणून एक फोल्डर बनवतात. पण लाइट गेली तर तो फोल्डर तसाच राहतो आणि नंतर कोणालाच आत येऊ देत नाही. एफलॉकचं कुलूप प्रोसेस मेली की आपोआप सुटतं.

२. डेटा फोल्डर. फोल्डरमध्ये 'पीजी-व्हर्जन' नावाची छोटी फाइल असते, तिच्यात आवृत्तीचा आकडा असतो. ती आहे म्हणजे सर्व्हर उभा आहे, असं मी आधी धरलं होतं. पण ती फाइल इनिटडीबी सुरुवातीलाच लिहितं. मध्येच लाइट गेली तरी ती दिसणारच. म्हणून इनिटडीबी एका तात्पुरत्या नावाच्या फोल्डरवर चालवायचं, ते यशस्वी झालं की मगच फोल्डरला खरं नाव द्यायचं. नाव बदलणं हे एका झटक्यात होणारं काम आहे, ते होतं किंवा होत नाही. पुढच्या वेळी तात्पुरत्या नावाचा फोल्डर दिसला तर तो अर्धवट आहे हे नक्की. त्यात कोणाचाच डेटा कधी नव्हता, त्यामुळे पुसायला भीती नाही.

३. भाषा. इनिटडीबीला एन्कोडिंग यूटीएफ-८ हे स्पष्ट सांगायचं. मशीनच्या मर्जीवर सोडायचं नाही.

४. सर्व्हर जागा झाला का? पूर्वी मी 'दहा सेकंद झोप' अशी ओळ टाकायचो. जुन्या मशीनला कधी दहा पुरतात, कधी चाळीस लागतात. त्यासाठी पीजी-इझरेडी ही आज्ञा आहे. ती 'तयार' म्हणेपर्यंत दर सेकंदाला विचारायचं, आणि एका मिनिटात उत्तर नाही आलं तर स्पष्ट संदेश देऊन थांबायचं.

५. युजर आणि डेटाबेस. पोस्टग्रेसमध्ये 'नसेल तरच डेटाबेस बनव' अशी सरळ आज्ञा नाही. म्हणून आधी त्याच्या यादीत नाव शोधायचं आणि नसेल तरच बनवायचं. असेल तर त्याचं एन्कोडिंग तपासायचं. यूटीएफ-८ नसेल तर स्क्रिप्टने स्वतः शहाणपणा करू नये, थांबावं आणि माणसाला सांगावं.

शेलचे तीन नियम

शेल हा फार भोळा प्राणी आहे. एक आज्ञा फसली तरी तो आनंदाने पुढची चालवतो. म्हणून प्रत्येक स्क्रिप्टच्या डोक्यावर तीन गोष्टी लिहायच्या. 'एरएक्झिट' : आज्ञा फसली की थांब. 'नाउनसेट' : किंमत न दिलेलं व्हेरिएबल वापरलं की थांब. याचं महत्त्व पुसायच्या आज्ञेत कळतं. फोल्डरचं नाव रिकामं राहिलं आणि पुढे नुसती तिरकी रेघ उरली तर आरएम थेट मुळापासून सुरुवात करायला निघेल. तिसरं 'पाइपफेल'. पाइप लावला की शेल फक्त शेवटच्या आज्ञेचा निकाल सांगतो. माझ्या वेळी डंप नापास झालं आणि जीझिप पास झालं, म्हणून अख्खी ओळ पास! पाइपफेल लावलं की साखळीतला एकही विषय राहिला तरी केटी लागते.

पीएसक्यूएलचंही तसंच आहे. फाइलमधली एखादी ओळ चुकली तरी ते पुढच्या ओळी चालवत राहतं. त्याला 'ऑन-एरर-स्टॉप' हे वेगळं सांगावं लागतं.

बॅकअपसाठी मी नियमच केला. जुन्या फाइलवर कधीही लिहायचं नाही, नावात तारीख आणि वेळ घालायची. आधी तात्पुरत्या नावाने लिहायचं, मग दुसऱ्या रिकाम्या डेटाबेसमध्ये भरून बघायचं, त्यातल्या नोंदी मोजायच्या, आणि हे जमलं तरच फाइलला पक्कं नाव द्यायचं. भरून न बघितलेला बॅकअप म्हणजे न उघडलेला डबा. आत काय आहे ते भूक लागल्यावरच कळतं.

वेल्ह्याचा राजगड झाला

सर्व्हर एकदा उभा राहिला म्हणून काम संपत नाही. डेटाही बदलत राहतो. मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वेल्हे तालुक्याचं नाव 'राजगड' करायला मान्यता दिली. शिवाजी महाराजांची रायगडाआधीची राजधानी याच तालुक्यात, तेव्हा नाव शोभणारंच. पुढचे सरकारी सोपस्कार झाले आणि आमच्याकडे निरोप आला : 'याद्यांमध्ये तालुका बदलून द्या. जुनं नावही कंसात ठेवा, पालकांना सवय होईपर्यंत.'

एका ज्युनियरने लगेच एक ओळ लिहिली : जिथे 'वेल्हे' दिसेल तिथे 'राजगड (वेल्हे)' कर. मी त्याला चाचणीच्या मशीनवर ती दोनदा चालवायला सांगितली. यादीत आलं 'राजगड (राजगड (वेल्हे))'. सगळे हसलो, पण हीच बेल! जितक्या वेळा दाबाल तितक्या वेळा वाजणार. आणि पहिल्याच फटक्यात दुसरी चूक झालीच होती. बदललं ते तालुक्याचं नाव. तोरण्याच्या पायथ्याचं वेल्हे बुद्रुक हे गाव आहे तिथेच, त्याच नावाने. त्या ओळीने गावाचंही बारसं करून टाकलं.

यावर उपाय दोन. पहिला रचनेचा : तालुक्याचं नाव प्रत्येक मुलाच्या पत्त्यात लिहायचंच नाही. तालुक्यांचं वेगळं टेबल करायचं, प्रत्येकाला एक क्रमांक द्यायचा आणि पत्त्यात तो क्रमांक ठेवायचा. नावं बदलतात, क्रमांक टिकतो. २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव झालं, नंतर अहिल्यानगर झालं. ज्यांच्याकडे क्रमांक होते त्यांना एकच ओळ बदलावी लागली.

दुसरा उपाय शिस्तीचा. डेटाबेसमधला प्रत्येक बदल एका वेगळ्या फाइलमध्ये लिहायचा आणि फाइलला क्रमांक द्यायचा : ००१, ००२, ००३. डेटाबेसमध्येच 'बदल-नोंद' नावाचं टेबल ठेवायचं. स्क्रिप्ट फाइल्स क्रमाने बघते, नोंद असेल तर सोडून देते, नसेल तर चालवते आणि नोंद करते. काका मेसचं कूपन फाडून घेतात तसंच हे. फाडलेल्या कूपनवर दुसरं ताट मिळत नाही. मात्र बदल आणि त्याची नोंद ही दोन्ही कामं एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये हवीत. नाहीतर बदल झाला, लाइट गेली, नोंद राहिली, की पुन्हा तीच बेल. पोस्टग्रेसमध्ये टेबलाची रचना बदलण्याची बहुतेक कामंही ट्रान्झॅक्शनमध्ये बसतात, ही त्याची मोठी सोय. मायएसक्यूएलमध्ये तशी आज्ञा आली की आधीचं सगळं आपोआप पक्कं होतं, त्यामुळे तिथे जास्त जपून राहावं लागतं.

राजगडचा बदल आमच्याकडे ००४ क्रमांकाचा आहे.

मोठा अपग्रेड

पोस्टग्रेसचे अपग्रेड दोन प्रकारचे. १३.५ वरून १३.९ ला जाणं हा छोटा. प्रोग्रॅम बदला, सर्व्हर पुन्हा चालू करा, झालं. १३ वरून १७ ला जाणं हा मोठा. त्यात डेटा ठेवायची आतली पद्धत बदलते, नवा प्रोग्रॅम जुना फोल्डर उघडतच नाही. दर वर्षी एक मोठी आवृत्ती येते आणि तिला पाच वर्षं दुरुस्त्या मिळतात. आवृत्ती १३ ची मुदत नोव्हेंबर २०२५ मध्ये संपणार होती, म्हणून त्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही १७ वर गेलो.

डेटा प्रचंड असेल तर पीजी-अपग्रेड वापरतात. त्याची 'चेक' ही पद्धत काही न बदलता फक्त अडचणी सांगते, ती आधी चालवावीच. 'लिंक' ही पद्धत मात्र जपून. नवा सर्व्हर एकदा चालू झाला की जुन्याकडे परत जाता येत नाही. आणखी एक खाचखळगा : आवृत्ती १८ पासून इनिटडीबी डेटाची चेकसम तपासणी आपोआप चालू करतं. जुन्या सर्व्हरवर ती बंद असेल तर पीजी-अपग्रेड दोघांचं जमत नाही म्हणून थांबतं.

आमचा डेटा लहान, म्हणून साधा मार्ग घेतला. जुना सर्व्हर ५४३२ या पोर्टवर, नवा ५४३३ वर. ऑफिसचा प्रोग्रॅम तेवढ्यापुरता बंद. डंप नव्या आवृत्तीच्या पीजी-डंपने घ्यायचा. युजर्स त्यात येत नाहीत, ते पीजी-डंपऑलने वेगळे घ्यायचे. नव्यात भरायचं, मग दोन्हीकडच्या प्रत्येक टेबलातल्या ओळी मोजून जुळवायच्या. एकही आकडा चुकला तर थांबायचं. सगळे जुळले की 'अॅनालाइझ' चालवायचं, नाहीतर नव्या सर्व्हरला डेटाचा अंदाज नसल्याने तो उगाच हळू चालतो. शेवटी पोर्टची अदलाबदल. आणि जुना फोल्डर पुसायचं काम स्क्रिप्टमध्ये नाहीच. ते महिन्याभराने माणसाने करायचं, दिवसाउजेडी, दोघांनी मिळून.

प्लग काढून परीक्षा

स्क्रिप्ट बरोबर आहे हे कसं कळणार? आम्ही लॅबमधलं एक टाकाऊ मशीन घेतलं. स्क्रिप्टची प्रत्येक पायरी सुरू झाली की सरळ प्लग काढायचा. पुन्हा चालू करायचं, स्क्रिप्ट पहिल्यापासून चालवायची आणि नोंदी मोजायच्या. असं प्रत्येक पायरीला. तिसऱ्या फेरीत पीजी-व्हर्जनचा घोटाळा सापडला, जो वाचून मला कधीच सापडला नसता. शिवाय प्लग काढायला ज्युनियर्सची रांग लागली होती, कारण असं पुण्यकर्म एरवी कोण करू देतं?

कपाटाच्या दारावरचा तो कागद मी फाडला नाही. त्याच्याखाली एक नवा कागद लावला आहे. त्यावर एकच आज्ञा आहे आणि खाली एक ओळ : 'मध्ये काही झालं तर घाबरू नका, हीच आज्ञा पुन्हा चालवा.' दोन वर्षांनी मी इथे नसेन, मशीन कदाचित असेल. तेव्हा जो कोणी 'तुला लिनक्स येतं ना?' या प्रश्नात सापडेल, त्याने ही स्क्रिप्ट आधी टाकाऊ मशीनवर चालवावी आणि प्लग काढून बघावा.

यंदा मशीन सांभाळायला मला एक मदतनीस मिळाला आहे. तोच, नऊ दिवसांच्या मेस कटवाला. मागच्या जुलैत लावणीला निघताना त्याने आपला अर्ज स्वतःच चढवला, बॅकअप झाल्याची ओळ वाचली आणि मगच एसटी पकडली.